मुलाच्या तोंडातली छोटी शस्त्रक्रिया: करायची, थांबायचं की नकोच?

शाळेतल्या तपासणीनंतर वहीत चिठ्ठी येते, किंवा किडलेली दाढ दाखवायला नेलेलं असताना डॉक्टर म्हणतात, "जिभेखालची तारही कापून टाकू, पाच मिनिटांचं काम आहे." घरी आजी म्हणते, अजिबात नको. शेजारच्या वहिनी म्हणतात, आमच्याकडे लगेच उरकलं. अशा वेळी नेमकं काय पाहून ठरवायचं, हे कुणी नीट सांगत नाही.

आम्ही ऐरोलीत राहतो आणि आमच्या घरी दोन्ही प्रकार झाले. मोठ्या मुलीचा वरचा पुढचा दात येत नव्हता. एक्स-रेत हाडात एक जादा दात दिसला आणि तो काढावा लागला. धाकट्याची जीभ जन्मापासून थोडी बांधलेली होती, म्हणजे जिभेखालची तार, तो पातळ पडदा, आखूड होता. ती तार कापायचा सल्ला मिळाला होता, पण आम्ही कापली नाही. आज तो वर्गात घडाघडा कविता म्हणतो. या दोन्ही निर्णयांच्या वेळी तीन प्रश्न कामाला आले. तोंडात जे वेगळं दिसतंय त्यामुळे मुलाचं काही अडतंय का? थांबलं तर नुकसान वाढणार आहे का? आणि कापल्यावर नेमकं काय सुधारणार? तिन्हींची उत्तरं हाती आल्याशिवाय तारीख घेऊ नका.

तपासणीला पर्याय नाही, ती करायचीच आहे. पण डॉक्टरांसमोर तयारीने बसलात तर त्या दहा मिनिटांत तुम्हाला कितीतरी जास्त कळेल.

१. आधी खात्री करा: हे थांबण्यासारखं आहे ना?

काही वेळा विचार करत बसायचं नसतं. दाताच्या दुखण्याबरोबर गाल सुजला, सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली गळ्याकडे पसरतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, लाळ गिळता येत नाही, श्वास घेताना त्रास होतोय: यातलं काहीही असेल तर दवाखाना उघडायची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. गाडी नसेल तर १०८ लावा.

पडून कायमचा दात मुळासकट निघाला तर तो मुळाकडून न धरता पांढऱ्या भागाने धरा. माती लागली असेल तर दुधात किंवा थंड पाण्यात क्षणभर धुवा, घासू नका. जमलं तर त्याच खाचेत परत बसवा, नाहीतर दुधात बुडवून न्या. पहिला अर्धा-पाऊण तास फार मोलाचा असतो. दुधाचा दात मात्र कधीही परत बसवायचा नाही, कारण त्याखाली तयार होणाऱ्या दाताला इजा होते.

यातलं काही नसेल तर तुमच्या हातात वेळ आहे. "आजच ठरवा, उद्या दर वाढेल" असं कुणी म्हणालं तरी तो वेळ तुमचाच आहे.

२. एक-दोन आठवडे घरी बघा आणि लिहून ठेवा

कपाटातली एखादी जुनी वही घ्या. मूल काय खाताना थांबतं, कोणत्या बाजूने चावतं, रात्री दुखून उठतं का, कोणते शब्द अडतात, सूज कधी येते आणि कधी जाते, हे तारीख घालून लिहा. उजेडात तोंडाचे फोटो काढा: समोरून दात मिटून, तोंड उघडून, जीभ वर करून. "कधी कधी दुखतं" यापेक्षा "गेल्या मंगळवारपासून डावीकडून पोळी चावत नाही" हे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं.

या काळात घरगुती प्रयोग करू नका. लवंगेचं तेल लहान मुलाच्या हिरडीला भाजतं आणि पोटात गेलं तर विषारी ठरू शकतं. फोडात सुई टोचू नका. जीभ सुटावी म्हणून बाळाला वेखंड-मध चाटवायची आपल्याकडे पद्धत आहे, पण एक वर्षाच्या आत मध अजिबात द्यायचा नाही, त्यातून बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आजीला हे प्रेमाने, पण ठामपणे सांगा.

३. तुमच्या मुलाचा प्रश्न यातला कोणता?

जीभ बांधलेली (टंग टाय). सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. तान्ह्या बाळात प्रश्न असतो दूध पिण्याचा. बाळ स्तन नीट धरत नाही, आईला फार दुखतं, बाळ सारखं सुटतं, वजन वाढत नाही, अशी तक्रार असेल तर आधी स्तनपान सल्लागाराकडून किंवा बालरोगतज्ञांकडून प्रत्यक्ष पाजताना तपासून घ्या. पुष्कळदा धरण्याची पद्धत बदलली की काम भागतं. तरीही जमलं नाही आणि जीभ खरोखरच खाली जखडलेली असेल, तर तो पातळ पडदा सोडवणं योग्य ठरतं. तान्ह्या बाळात ते अगदी थोडक्यात होतं आणि लगेच अंगावर पाजता येतं. जन्मानंतर व्हिटॅमिन 'के'चं (रक्त गोठायला मदत करणारं) इंजेक्शन दिलं होतं का, एवढं आधी नक्की तपासा.

मोठ्या मुलात प्रश्न येतो बोलण्याचा. 'जीभ जड आहे म्हणून उशिरा बोलतोय' असं सर्रास म्हटलं जातं, पण बांधलेल्या जिभेमुळे मूल उशिरा बोलायला लागतं असं नाही. फार तर काही उच्चार अस्पष्ट होतात. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, तर आधी कानांची तपासणी करा. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवण आणि वाचा दोन्हींची तपासणी होते.

एक गोष्ट घरीच ऐकता येते. मूल 'काका'ला 'ताता' म्हणत असेल तर कारण जिभेखालची तार नव्हे. 'त' म्हणताना जिभेचं टोक वर दातांपर्यंत पोचतं, म्हणजे टोक मोकळं आहे. 'क' जिभेच्या मागच्या भागातून निघतो. अडचण 'ल', 'र', 'ट', 'ळ' अशा टोक उचलून काढायच्या उच्चारांत असेल तरच जिभेकडे संशयाने बघा. त्यातही 'र' पुष्कळ मुलांना पाच-सहा वर्षांपर्यंत जमत नाही. खेळता खेळता बघा: तोंड उघडं ठेवून जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवता येतं का? खालच्या ओठावरून बाहेर येतं का? कुल्फी चाटता येते का? दाढेवर अडकलेला शेंगदाण्याचा कूट जिभेने काढता येतो का? आमच्या धाकट्याला हे सगळं येत होतं, फक्त जीभ बाहेर काढली की टोकाला खाच पडायची. वाचातज्ञ बाईंनी त्याला अर्धा तास बोलतं केलं आणि सांगितलं की कापून काही बदलणार नाही. तेवढ्यावर आम्ही थांबलो.

वरच्या ओठाची तार (ओठ हिरडीला जोडणारा पडदा) आणि पुढच्या दातांतली फट. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दोन दातांत फट असणं नेहमीचं आहे. वरचे सुळे साधारण ११-१२ व्या वर्षी येतात आणि येताना पुढचे दात जवळ ढकलतात. म्हणून सुळे यायच्या आधी केवळ फटीसाठी तार कापू नये. सुळे आल्यावरही फट राहिली आणि दातांना तारा लावायच्या असतील, तर दात सरळ करणारे डॉक्टर सांगतील तेव्हा ओठाची तार कापता येते. बाळाच्या जिभेची, ओठाची आणि गालाची अशा सगळ्या तारा एकदम कापायचं पॅकेज कुणी सुचवलं तर दुसरं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुधाच्या दातामागे दुसरा दात. खालच्या पुढच्या दातांत हे फार दिसतं. सहाव्या वर्षी दातांची दुहेरी रांग बघून घाबरायला होतं, पण दुधाचा दात हलत असेल तर गाजर, पेरू, उसाचे करवे खायला द्या आणि थोडे आठवडे बघा. तो पडला की मागचा दात जिभेच्या रेट्याने पुढे सरकतो. दुधाचा दात घट्ट असेल आणि मागचा बराच वर आला असेल तर तेवढी जागा बधिर करून तो काढतात. वरच्या दातांत असं झालं तर मात्र लवकर दाखवा.

एका बाजूचा दात आला, दुसरा येत नाही. न दुखणारा, तरीही थांबायचा नसलेला प्रकार हाच. एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि जोडीचा आला नाही, तर एक्स-रे हवाच. आमच्या मुलीच्या बाबतीत डॉक्टरांनी आधी बोटाने हिरडी चाचपली, मग टाळूकडची बाजू, आणि तिथला टणक उंचवटा माझ्या बोटाला दाखवला. एक्स-रेत दोन दातांच्या मध्ये शंकूसारखा टोकदार, उलटा बसलेला छोटा दात स्वच्छ दिसत होता. वरच्या जबड्यात बरोबर मध्ये येणाऱ्या अशा जादा दाताला मेसिओडेन्स म्हणतात. तो खऱ्या दाताची वाट अडवतो, कधी त्याला वाकडं ढकलतो. शेजारच्या दाताचं मूळ किती तयार झालंय त्यावरून काढण्याची वेळ ठरते. फार लवकर केलं तर त्या मुळाला धोका, फार उशीर केला तर दात वर येण्याची ताकद आणि जागा दोन्ही जातात. तो कोणत्या बाजूला आहे हे कळण्यासाठी कधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) लागतो. आणि काढल्यावर खरा दात दुसऱ्याच महिन्यात येईल असं धरू नका. कधी काही महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त, आणि कधी त्याला तार बांधून खाली ओढावा लागतो. हे आधीच माहीत असलं की रोज आरशासमोर उभं करून मुलाला धसका बसवला जात नाही.

सुळ्यांचंही तसंच. नवव्या-दहाव्या वर्षी दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीबाहेरून बोट फिरवलं की येणाऱ्या सुळ्याचा फुगवटा लागतो. दहाव्या वर्षानंतरही एका बाजूला तो लागत नसेल तर सांगून एक्स-रे काढून घ्या. वेळेवर दुधाचा सुळा काढला तर आडवा चाललेला सुळा पुष्कळदा वाटेवर येतो आणि पुढची मोठी शस्त्रक्रिया टळते.

ओठाच्या आत पाण्याचा फोड. चावून चावून खालच्या ओठातली बारीक लाळग्रंथीची नळी फाटते आणि निळसर, मऊ गाठ येते. फुटते, पुन्हा येते. काही आठवडे टिकली किंवा सारखी येत राहिली तर ग्रंथीसकट काढावी लागते, नुसतं पाणी काढून उपयोग होत नाही. काढलेली गाठ तपासणीला पाठवणार का, ते विचारा. जिभेखाली अशी मोठी गाठ असेल तर सर्जनकडेच जा. दात येण्याच्या जागी हिरडीवर आलेला निळसर फुगा मात्र बहुतेक वेळा दात वर आला की आपोआप फुटतो, त्याला हात लावायची गरज नसते.

किडलेली दुधाची दाढ आणि हिरडीवर पू. "दुधाचीच आहे, पडणारच आहे" हे वाक्य इथे महागात पडतं. दुधाच्या दाढा १० ते १२ व्या वर्षापर्यंत जागा धरून असतात. वाचण्यासारखी असेल तर मुळाचा उपचार, नसेल तर काढणं, असे दोनच मार्ग आहेत. फक्त अँटिबायोटिक घेऊन सूज उतरते आणि पुन्हा येते, कारण दुखण्याचं मूळ दाढेतच असतं. लवकर काढावी लागली तर जागा राखणारी पट्टी बसवायची का, हे त्याच वेळी विचारा.

४. कोणाकडे जायचं?

दातांचं असेल तर बालदंतरोगतज्ञ (दंतवैद्यकात एम.डी.एस. केलेले, मुलांच्या दातांचे). हाडातला दात, गाठ, अडकलेला सुळा यासाठी ते पुढे ओरल अँड मॅक्सिलोफेशियल (तोंड आणि जबड्याच्या) सर्जनकडे पाठवतात. तान्ह्या बाळाच्या जिभेसाठी बालरोगतज्ञांपासून सुरुवात करा. तिथून कान-नाक-घसा तज्ञ किंवा बालशल्यचिकित्सक. दंतवैद्याची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते, पाटीवर किंवा कागदावर नोंदणी क्रमांक बघा.

आपल्या भागाचं भाग्य असं, की दंत महाविद्यालयं एकाच लोकलच्या वाटेवर आहेत. ठाण्याहून पनवेल लोकल पकडली की नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, सीबीडी बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय.एम.टी., आणि पुढे कामोठ्याला एम.जी.एम. तिथे मुलांच्या दातांचा आणि शस्त्रक्रियेचा विभाग एकाच इमारतीत असतो, खर्च खाजगीपेक्षा बराच कमी. वेळ मात्र लागतो. विद्यार्थी आधी तपासतात, मग सर येतात. मला ते उलट बरं वाटलं, कारण सर विद्यार्थ्यांना समजावून सांगत होते ते सगळं आम्हालाही ऐकायला मिळालं. सरकारी किंवा पालिकेचा पर्याय हवा असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय. ठाणेकरांना कान-नाक-घसा किंवा बालरोग विभागासाठी कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ पडतं. मूल अंगणवाडीत किंवा सरकारी, पालिकेच्या शाळेत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी आणि पुढची चिठ्ठी मोफत मिळते.

५. डॉक्टरांना हे विचारा

कागदावर लिहून न्या. सहा महिने थांबलो तर काय होईल? कापलं नाही तर दुसरा उपाय कोणता? नेमकं काय सुधारेल आणि ते आम्हाला कधी दिसेल? कोणती भूल देणार आणि कोण देणार? पुन्हा करावं लागण्याची शक्यता किती? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. पहिल्याच प्रश्नाला "मोठेपणी आठवत नाही, म्हणून आत्ताच उरकू" एवढंच उत्तर मिळालं तर ते कारण पुरेसं नाही.

'लेझर आहे, दुखणार नाही' हेही कारण नव्हे. लेझर हे हत्यार आहे. कापायची गरज आहे का, हे त्यावरून ठरत नाही.

दुसरं मत घ्यायला जाताना पहिला एक्स-रे सोबत न्या, म्हणजे मुलाला पुन्हा काढावा लागत नाही. पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मात्र आधी बोलू नका. त्यांना स्वतंत्र तपासू द्या, मग सांगा.

६. भुलेचं नीट समजून घ्या

बरीचशी कामं जागा बधिर करून होतात. घाबरणाऱ्या मुलासाठी काही ठिकाणी नाकावर मास्क लावून नायट्रस ऑक्साइड देतात, मूल जागं पण शांत राहतं. हाडातला दात, अगदी लहान मूल किंवा एकाच वेळी बरंच काम असेल तर पूर्ण भूल लागते. ती भूलतज्ञांनीच, आणि मुलांसाठी सोय असलेल्या ठिकाणीच द्यायला हवी. भूलतज्ञ आदल्या दिवशी भेटतील का, ते विचारा. सर्दी-खोकला, दमा, घोरणं, हृदयाचा जन्मजात दोष, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास, यातलं काहीही लपवू नका.

पूर्ण भुलेआधी साधारणपणे जेवण आणि वरचं दूध ६ तास, अंगावरचं दूध ४ तास, पाणी २ तास बंद असतं. तुमचं रुग्णालय लेखी सांगेल तेच पाळा. 'लेकरू उपाशी आहे' म्हणून कुणीतरी हळूच बिस्किट देतं, आणि शस्त्रक्रिया रद्द होते. घरातल्या सगळ्यांना आदल्या रात्री बजावून ठेवा. सकाळची पहिली वेळ मागून घ्या.

७. पिशवीत काय हवं

- आधीचे सगळे एक्स-रे, स्कॅनची सीडी, चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट
- लसीकरणाचं कार्ड, मुलाचं आजचं वजन (औषधाची मात्रा त्यावर ठरते)
- चालू औषधं आणि ॲलर्जीची यादी
- मुलाचं आणि पालकाचं आधार कार्ड, रेशन कार्ड
- विमा पॉलिसी
- तुमची नोंदींची वही

विम्याबद्दल आधीच लेखी विचारा. बऱ्याच पॉलिसींत अपघात सोडला तर दातांचे उपचार बसत नाहीत, आणि 'डे-केअर'मध्ये हे येतं की नाही यावर नंतर वाद होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार येतो का, हे योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे विचारा. संमतिपत्र घरच्या भाषेत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. त्यावर लिहिलेली शस्त्रक्रिया आणि बाजू दोन्ही वाचा.

८. तो दिवस आणि पुढचा आठवडा

मुलाला खोटं सांगू नका. "आइस्क्रीम खायला चाललोय" म्हणून नेलं तर पुढच्या तपासणीला ते दारातच रडतं. "डॉक्टर जागा झोपवतील, दाबल्यासारखं वाटेल, मी इथेच आहे" एवढं पुरे. घोडबंदरकडून यायचं असेल तर वाहतुकीसाठी भरपूर वेळ हाताशी ठेवा, आणि परतताना दोन मोठी माणसं हवीत: एक गाडी बघायला, एक मुलाला धरायला.

बधिरपणा उतरेपर्यंत दोन-तीन तास मूल ओठ चावत बसतं आणि संध्याकाळी ओठ सुजतो. तेवढा वेळ जवळ बसून लक्ष ठेवा, काही चावायला देऊ नका. मग गार मऊभात, ताक, नाचणीचं सत्त्व, केळं. दात काढला असेल तर स्ट्रॉ नको, जोरात चूळ नको. रक्त आलं तर स्वच्छ गॉज दाबून १५-२० मिनिटं न काढता धरा. वेदनाशामक वजनानुसार डॉक्टरांनी लिहिलेलंच द्या, मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. जखमेवर पांढरट पापुद्रा दिसतो, तो पू नसतो, खरवडू नका.

दाबूनही रक्त थांबत नाही, दोन दिवसांनंतर सूज आणि दुखणं वाढतच चाललंय, ताप आलाय किंवा मूल पाणीही पीत नाही, तर रात्रीची वेळ असली तरी फोन करा. तो नंबर शस्त्रक्रियेच्या दिवशीच लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. नंतरच्या तपासणीचा एक्स-रे आणि रिपोर्ट जपून ठेवा, कारण १२-१३ व्या वर्षी दातांना तारा लावायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच मागतात.